सैदीच्या गालावरची तीट

कुवेतच्या मराठी मंडळात उल्का गायधनीला सगळे डॉक्टरवहिनी म्हणत. म्हणायला काय जातं! गणपतीच्या आरतीनंतर ती मोदकांचं ताट घेऊन फिरत असावी, तर कोणीतरी भला माणूस जीभ बाहेर काढून समोर उभा. "वहिनी, हे पांढरं पांढरं काय आलंय हो?" हळदीकुंकवाला गेली, तर वाण हातात पडायच्या आधी कुणाचा तरी गुडघा पुढे येई. फुकटचं निदान सगळ्यांना हवं असे, आणि ते दिलं की वर ऐकवलं जाई, "बरं झालं बाई विचारलं. आता उद्या मुस्तौसफमध्ये जाऊन डॉक्टरला दाखवते." मुस्तौसफ म्हणजे सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणजे तिथला तो. उल्का हसून पुढच्या बाईला कुंकू लावी.

लोकांचा तरी काय दोष? ती स्वतःच विसरायच्या बेतात होती. नाशिकला सिडकोत तिचा दवाखाना होता, दहा वर्षं चालवलेला. संध्याकाळी बाकं पुरत नसत. ओझर-पिंपळगावकडची द्राक्षबागांतली माणसं टेम्पोत बसून तिच्याकडे यायची. मग तिच्या नवऱ्याला, विश्वासला, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत नोकरी लागली. आखाती युद्ध संपून तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या आणि तिकडे इंजिनिअरांना चांगली मागणी होती. "दोनच वर्षं गं," विश्वास म्हणाला. तिने दवाखाना एका होतकरू डॉक्टरच्या ताब्यात दिला, नऊ वर्षांच्या जुईलीचा दाखला काढला आणि त्र्याण्णव साली फहाहीलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन दाखल झाली.

कुवेतमधली 'दोन वर्षं' ही चीज मोठी चिवट असते. ती संपतच नाहीत. दर दोन वर्षांनी चौकशी करावी, तर पुन्हा दोनच उरलेली असतात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नव्हती. व्हिसा बदलून घ्यायचा, मग तिथली परवान्याची परीक्षा द्यायची, तर त्या खटाटोपात वर्ष जाणार. दोनच वर्षांसाठी एवढा उपद्व्याप कशाला, असं दोघांनी ठरवलं. खरं म्हणजे विश्वासने ठरवलं आणि उल्का हो म्हणाली. तिला कोणी बांधून घातलं नव्हतं. घर छान होतं, गाडी होती, नवरा निर्व्यसनी होता. तक्रार करावी तर कशाची, हेच सापडत नसे. फक्त कधीतरी साधी सर्दी झाली की ती मुद्दाम मुस्तौसफमध्ये जाई आणि आपला नंबर आला तरी उठत नसे. बायकांच्या बाजूच्या बाकावर बसून आजूबाजूचे खोकले ऐके. हा दम्याचा, हा नुसता घशाचा, या पोराचा एक्स-रे काढायला हवा. घरी येताना तिला इतकं उदास वाटे, की जुईली विचारी, "ममा, आर यू सिक?"

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत मंडळाची सहल वफ्राला गेली. वफ्रा म्हणजे कुवेतच्या दक्षिणेचा शेतीचा भाग. मैलभर काचघरं, खजुराच्या बागा आणि त्यांत राबणारे बांगलादेशी, बिहारी, आंध्रचे मजूर. मंडळाने एका शेतावर चादरी अंथरल्या होत्या. मिसळ झाली होती, अंताक्षरी रंगात आली होती. तेवढ्यात शेजारच्या काचघरातून दोघं जण एका तिसऱ्याला उचलून बाहेर घेऊन आले. उल्का हातातली डिश टाकून धावली. त्या माणसाच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं. तिने गुडघे टेकले, पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. फवारणीचं औषध! पिंपळगावच्या बागांतली अशी किती माणसं तिने पाहिली होती. तिची बोटं त्याच्या मनगटावर गेली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं वय, आपला व्हिसा, आपली मिसळ, काही आठवलं नाही.

"वहिनी, हात लावू नका!" मागून मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथराव ओरडले. जगन्नाथराव माणूस वाईट नाही, नुसता घाबरट आहे. "लायसन नाही तुमच्याकडे. उद्या काही झालं ना, तर तुम्ही आत आणि विश्वास पहिल्या विमानाने घरी."

तिने विश्वासकडे पाहिलं. तो खाली पाहू लागला. आणि उल्काने हात मागे घेतला. पुढे कितीतरी महिने तिला त्या हाताची लाज वाटत राहिली.

त्या माणसाचं नशीब बलवत्तर. शेताच्या मालकाची बहीण त्या दिवशी तिथे होती, आणि ती बालरोगतज्ज्ञ होती. डॉक्टर लैला. काळा अबाया सावरत ती आली, तेव्हा उल्का नुसती उभ्या उभ्या इंग्रजीत म्हणाली, "त्याच्या बाहुल्या पाहा. फवाऱ्याचं विष आहे. कपडे उतरवायला सांगा, अंग धुवा. अॅट्रोपिन लागेल." लैलाने एकवार बाहुल्या पाहिल्या, एकवार उल्काकडे पाहिलं, आणि हुकूम सोडले. गाडीत त्या माणसाला घालून ती निघाली, तेव्हा काच खाली करून तिने विचारलं, "तू कुठल्या हॉस्पिटलात आहेस?"

"कुठल्याच नाही," उल्का म्हणाली.

माणूस वाचला, हे लैलाने फोन करून कळवलं. मग मधूनमधून फोन येत राहिले. दिवाळीच्या सुमारास एक फोन आला तो वेगळा होता. लैला दर जानेवारीत एका धर्मादाय संस्थेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत जायची. मलावी नावाचा देश, तिथलं एक भलंमोठं सरोवर, त्याच्या काठची गावं. तीन आठवडे, पगार नाही, रोज शे-दीडशे पेशंट. एक डॉक्टर कमी पडत होता. "तुझी भारतातली नोंदणी तिथल्या सरकारला चालते," लैला म्हणाली. "मी विचारून ठेवलंय."

विश्वासने स्वतःच बॅग भरायला मदत केली, हे सांगायला हवं. वफ्राची टोचणी त्यालाही होतीच. "जाऊन ये," तो म्हणाला. "एकदा हौस फिटू दे." हौस! उल्काला शब्द लागला, पण जायला मिळत होतं, म्हणून तिने तो गिळला.

नव्व्याण्णवच्या जानेवारीतले ते तीन आठवडे तिने पुढे इतक्या वेळा मनात जगून काढले, की त्यांची वर्षं झाली. नैरोबीवरून विमान, मग जीप, मग हिरव्यागार मक्याच्या शेतांतून चिखलाची वाट. गावात शाळेची एक लांबट खोली आणि बाहेर आंब्याचं डेरेदार झाड. झाडाखाली तिचं टेबल. बाजारात वाळवलेल्या बारक्या मासळीचे ढीग असत. वास थेट आपल्या सुकटीचा! तिचा दुभाषा होता तिथला आरोग्यसेवक काचिंग्वे, सायकलवरून वीस गावं सांभाळणारा, मितभाषी माणूस. पहिल्या दिवशी औषधांच्या मात्रा तिला पुस्तकात बघाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक बॅगेत गेलं. तिसऱ्या दिवशी तिने जेवताना लैलाला सांगितलं, की मला आज नाशिकसारखी भूक लागली आहे. लैलाला काही कळलं नाही, पण तिने आणखी भात वाढला.

त्याच दिवशी मैमुना आली. विशीतली बाई, पाठीला फडक्यात बांधलेलं नऊ महिन्यांचं पोर. सैदी त्याचं नाव. जुलाबांनी पार सुकून गेलेला, डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच राहायची. उल्काने त्याला शाळेतच ठेवून घेतलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने. मैमुना थकली की उल्का पाजायची, उल्काला पेशंट आले की मैमुना. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, तरी त्यांचं छान चाललं होतं. दोन दिवसांनी पोराने डोळे उघडून आधी आईकडे आणि मग उल्काच्या चष्म्याकडे पाहिलं. आठवड्याने तो रडू लागला, आणि पंधरवड्याने असा गुटगुटीत दिसू लागला, की बघणाऱ्याने हेच ते पोर म्हणून ओळखलं नसतं. "जुलाब थांबले की त्याला गोवराची लस टोचून घ्यायची," उल्काने काचिंग्वेकरवी मैमुनाला बजावलं होतं. त्या भागात गोवर मुलं घेऊन जायचा.

लशीचं टेबल शाळेच्या मागच्या बाजूला होतं. झुंबड एवढी, की कोणाला टोचलं आणि कोणाला नाही, याचा पत्ता लागेना. तेव्हा लैलाने एक सोपी युक्ती काढली. लस दिली की त्या मुलाच्या गालावर जांभळ्या औषधाचा ठिपका. तेच औषध, जे तोंडातल्या फोडांना लावतात. ते आठवडाभर जात नाही. ठिपका असला की मूल घरी, नसला की पुन्हा रांगेत. गावातल्या आयांनाही ते पाठ झालं होतं.

शेवटच्या दिवशी मैमुना सैदीला घेऊन झाडाखाली आली, निरोप घ्यायला. लशीच्या रांगेकडे निघाली होती, वाटेत थांबली. सैदी उल्काला बघून खळखळून हसला, तिच्या नाकावरचा चष्मा ओढायला झेपावला. गाल बघावेत, मांड्यांच्या वळ्या बघाव्यात! भोवतीच्या चार बायका कौतुकाने बघत होत्या. उल्काने नुकतंच एका मुलीच्या तोंडाला औषध लावलं होतं, बोट जांभळं झालेलं. आणि तिच्यातली नाशिकची मावशी काही विचार न करता जागी झाली. कुणाची नजर नको लागायला माझ्या सोन्याला, असं म्हणत तिने त्याच्या गालावर ठसठशीत तीट लावली. मैमुना हसली, पोराला फडक्यात बांधलं, दोन्ही हात जुळवून "झिकोमो" म्हणाली. म्हणजे आभार. आणि डुलत डुलत निघून गेली. उल्का तिच्याकडे बघत राहिली, ती मक्यात दिसेनाशी होईपर्यंत. मग पुढचा पेशंट आला.

कुवेतला परतल्यावर तिचं घरात लक्ष लागेना. सकाळी डबे भरताना सरोवर दिसे. विश्वास आणि जुईली तिच्या गोष्टी कौतुकाने ऐकत, पण पाचव्यांदा ऐकताना जुईली मान वर न करता "यू टोल्ड अस, ममा" म्हणे. तिची दहावी होती. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर. घरात त्याखेरीज दुसरा विषय नव्हता, आणि नसायलाच हवा होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर रिग्गईला मंडळातल्या एका घरी बारसं होतं. पाळण्याला फुगे बांधलेले, बायका नटून आलेल्या, कुठल्या तरी आत्याने नाव ठेवलं, टाळ्या झाल्या. उल्का पेढा खात उभी होती. तेवढ्यात बाळाची आजी पुढे आली. नातवाच्या दर्शनासाठी खास सोलापूरहून आलेली. "दृष्ट लागंल गं लेकराला," म्हणत तिने काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि बाळाच्या गालावर ठिपका टेकवला.

उल्काच्या हातातला पेढा खाली पडला.

ती तीट. तो गाल. ते जांभळं बोट. मैमुना रांगेकडे निघाली होती. ठिपका लागला आणि ती हसून घरी गेली. का नाही जाणार? ठिपका म्हणजे लस झाली. आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली असती, तरी गालावरचा ठिपका बघून तिला घरीच पाठवलं असतं. उल्काने सैदीला नजरेपासून वाचवलं होतं आणि गोवराच्या तोंडी दिलं होतं. बायका विचारत होत्या, वहिनी काय झालं, चक्कर आली का. ती कसंबसं "गरम होतंय" म्हणाली. बाहेर तर वारा बोचत होता.

घरी पोचून तिने पहिला फोन लैलाला केला. लैलाने सगळं ऐकून घेतलं. तीट म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. "आमच्याकडेही नजरेला घाबरतातच," ती म्हणाली. मग तिने जिल्ह्याच्या दवाखान्याला फॅक्स केला. गावाचं नाव, आईचं नाव, मुलाचं नाव, काय करायचं ते. "पोचेल का?" उल्काने विचारलं. लैला खरं बोलणारी बाई होती. "जिल्ह्याला पोचेल. पुढे पाऊस आहे, रस्ता आहे, बर्फाच्या पेटीत लस असेल-नसेल. मला माहीत नाही."

"मी स्वतः जाते," उल्का विश्वासला म्हणाली. "चार दिवसांत परत येते."

विश्वासने चिडून नाही, अगदी समजुतीने विचारलं, "उल्का, जुईलीचा पहिला पेपर दोन आठवड्यांवर आलाय. आणि तुला वाटतं तिथे तू चार दिवसांत पोचून, पोर शोधून, लस देऊन परत येशील? लैलाने कळवलंय ना?" त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. विश्वासची हीच अडचण होती, त्याचं सहसा चुकत नसे. आतल्या खोलीतून जुईली म्हणाली, "ममा, गो इफ यू वॉन्ट. आय विल मॅनेज." आणि ते म्हणताना तिचा आवाज असा कापला, की उल्का जागच्या जागी बसली. आपलं पोर आणि परकं पोर, असं तिने मनात कधी मांडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मांडावं लागलं, आणि ती राहिली. पेपरांच्या दिवसांत ती जुईलीला गरम दूध करून देई, उत्तरं म्हणून घेई, आणि दूध निवेपर्यंत तिचं मन सरोवराच्या काठी जाऊन येई.

जिल्ह्याहून फॅक्सचं उत्तर आलं नाही. लैलाने पुन्हा पाठवला, त्याचंही आलं नाही. जुईलीला शहाऐंशी टक्के मिळाले, मंडळाने तिचा सत्कार केला. उल्काने फोटोत हसून पोझ दिली. उन्हाळ्यात ती महिनाभर नाशिकला गेली, तिचा दवाखाना बघून आली. होतकरू डॉक्टरने एसी बसवला होता. तो म्हणाला, "मॅडम, या ना परत, आपण दोघं मिळून चालवू." ती म्हणाली, "दोन वर्षांनी बघू." आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून तिला शरम वाटली.

ऑक्टोबरात लैलाने सांगितलं, की सरोवराच्या काठी गोवराची साथ आली आहे. जिल्ह्याचं वर्तमान एवढंच, गावांची नावं नाहीत. त्यानंतर उल्काला झोप कमी झाली. देवापुढे ती कधी फारशी बसत नसे, ती बसू लागली. कोणाच्याही घरी रांगतं मूल दिसलं की ती त्याचं वय मनात सैदीशी ताडून बघे. आता तो उभा राहत असेल. आता धरून चालत असेल. चालत असेल तर. हे 'असेल तर' तिच्या जिवाला लागलं होतं. रोज सकाळी उठल्यावर आधी ते आठवे आणि मग चहा.

"पुढच्या जानेवारीत मला जायचंच आहे," तिने विश्वासला सांगितलं.

"एकदा झालं होतं ना जाऊन?" तो म्हणाला. "परत कशासाठी?"

"सैदीसाठी."

असं उत्तर त्याला पटायचं. मूल होतं, चूक झाली होती, ती निस्तरायला हवी. मंडळातही त्याने तसंच सांगितलं, आणि जगन्नाथरावांनीसुद्धा मान डोलावली, म्हणाले, "हां, मग वहिनींना गेलंच पाहिजे." सगळ्यांची परवानगी त्या एका पोराच्या नावावर मिळाली.

दोन हजार सालचा जानेवारी. पुन्हा नैरोबी, पुन्हा जीप, पुन्हा हिरवा मका. शाळा आली, आंब्याचं झाड आलं. तुकडीची खोकी उतरवायच्या आधीच उल्काने काचिंग्वेला गाठलं. तो आपल्या सायकलची साखळी पुसत उभा होता. "मैमुना," ती एवढंच म्हणाली. "सैदी."

"आहेत," काचिंग्वे म्हणाला. "बोलावू?"

ती शाळेच्या पायरीवर बसली. काचिंग्वेला तिचं काय बिनसलंय ते समजेना. त्याने सावकाश सांगितलं. फॅक्स जिल्ह्याला आला होता. जिल्ह्याने निरोप त्याला दिला. लस यायला थोडे दिवस लागले. आली तेव्हा तो पेटी सायकलला बांधून मैमुनाच्या घरी गेला आणि पोराला टोचून आला. पाऊस थांबायच्या आधीच. पुढे साथ आली, तेव्हा पलीकडच्या दोन गावांत मुलं गेली. इथे एकही गेलं नाही.

"मला कळवलं का नाहीत?" उल्काने विचारलं. आवाज चढला होता.

"कोणाला?" काचिंग्वे प्रामाणिकपणे म्हणाला. "मी जिल्ह्याला कळवलं होतं."

मैमुना दुपारी आली. या वेळी पाठीवर कोणी नव्हतं. तिच्या पुढे एक दणकट पोरगं धावत होतं, हातात अर्धं कणीस, नाक वाहतं. मैमुनाने उल्काला ओळखलं, धावत येऊन तिचे दोन्ही हात धरले. पोराने ओळखलं नाही. चष्मेवाली बाई वाकली तसा तो आईच्या मागे लपला आणि तिथून एका डोळ्याने बघू लागला. उल्काने त्याच्या लशीच्या कार्डावर गोवराची तारीख पाहिली, छाती तपासली, वजन केलं. सगळं उत्तम होतं. तिने देवाचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले. मैमुनाला हसत हसत घट्ट मिठी मारली. मग ती दोघं गेली, पोरगं पुन्हा पुढे धावत, आणि उल्काने पुढचा पेशंट घेतला. संध्याकाळपर्यंत तिने सत्तर जण तपासले.

संध्याकाळी तुकडीची जीप पाणी आणायला जवळच्या शहरात गेली, तिच्याबरोबर तीही गेली. तिथल्या पोस्टात फोन होता. कुवेतला लावला, विश्वासनेच उचलला.

"सैदी कसा आहे?" त्याने सगळ्यात आधी तेच विचारलं. त्याचा जीवही अडकला होता, हे तिला तेव्हा कळलं.

"छान आहे. धावतो. मला बघून लपला."

"लस दिलीस?"

"त्यांनी गेल्याच वर्षी दिली होती. पाऊस थांबायच्या आत."

"घ्या! आणि तू इथे वर्षभर जिवाला घोर लावून घेतलास." तो मोकळेपणाने हसला. "चला, सुटलीस बाई एकदाची. जुईले, अगं पोर ठणठणीत आहे!" मागे जुईलीने टाळ्या वाजवल्या. मग त्याचा आवाज बदलला. "उल्का? अगं, रडतेस की काय? चांगलं झालं ना?"

"चांगलंच झालं." तिला हुंदका आवरेना. काउंटरवरचा माणूस कामाचं सोंग करत दुसरीकडे वळला. "खूप चांगलं झालं. त्याला पळताना बघितलं आणि मला किती बरं वाटलं, सांगू? आणि लगेच वाटलं, आता संपलं. आता मला इथे यायला काही राहिलं नाही. पोर जगलंय, विश्वास, आणि मी रडतेय. असं कुणाला वाटतं का रे?"

"तू दमली आहेस."

"नाही. मी आज सत्तर पेशंट बघितले, मी जराही दमले नाहीये. वर्षभर मी सैदीचं नाव घेत होते ते खोटं नव्हतं. पण त्याच्या नावाखाली मी स्वतःलाच हाका मारत होते. मला हे हवंय. रोज हवंय. इथे नाही तर तिथे, नाहीतर नाशिकला. मला नुसतं हवंय, बाकी काही नाही." तिने डोळे पुसले. "पण नुसतं हवंय म्हटलं तर चालत नाही ना आपल्याकडे? मग पुढच्या वर्षी मी काय कारण सांगू?"

टीव्हीचा आवाज येत होता, तो कोणीतरी बंद केला. मंडळाचं काय, विश्वास जे कारण सांगेल त्याला ते मान डोलावणार, आणि जुईलीने तर कारण कधीच मागितलं नव्हतं. ते मागणारा माणूस घरात एकच होता, आणि तो रिसीव्हर कानाला लावून गप्प उभा होता.